दौलतभाऊंचा शर्ट

संपादकांचं पत्र आलं : ‘चळवळीच्या कामाचे अनुभव लिहा. थोडं थरारक असलं तर वाचकांना आवडतं.’

थरार हवा असेल तर संपादकांनी तापानं फणफणलेला माणूस बैलगाडीत घालून आमच्या भागातल्या दवाखान्यात यावं आणि गोळ्या आहेत का, असं विचारावं. ‘वडशाला न्या’ हे उत्तर ऐकून अंगावर येतो तो थरार. मोर्चे, निवेदनं, अटका यांवर मी गेली सात वर्षं पत्रकंच लिहितो आहे. ती कोणी दिवाळीच्या फराळासोबत वाचावीत असा माझा आग्रह नाही. म्हणून मी शिवणाबद्दल लिहिणार आहे. संपादकांना चालत नसेल तर त्यांनी लेख परत पाठवावा. कागद पाठकोरा आहे, पत्रकाला कामी येईल.

संघटनेत आलो तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. पहिल्याच दिवशी फलक लिहायला बसवलं आणि दुसऱ्या दिवशी उठवलं, कारण माझं अक्षर कोणाला वाचता येईना. ‘मग हा काय करणार?’ म्हणून माझ्या हातात सुई दिली. फलकाच्या कडा दुमडून शिवायच्या, दोन्ही टोकांना बांबू जाईल अशी नळी करायची. हे काम मला आवडलं. मोर्चा झाला की फलकाचं कापड वाया जाई. मी त्यातून खांद्याला लावायच्या पिशव्या शिवू लागलो. मांजरपाटाची पिशवी, आतून उलटी अक्षरं. बाहेरून साधी दिसे, आत हात घातला की ‘मिळालीच पाहिजे’.

पिशव्या शिवण्यात माझी शिक्षा संपून शौक कधी सुरू झाला ते सांगता येत नाही. बैठकीत लोक विड्या ओढत, मी शिवत असे. बाया हसत. ‘भाऊ, तुमचं लगन झाल्यावर बायको काय करन?’ मी म्हणे, ‘भाषण करन.’

गोधडी शिकलो ती बायांकडूनच. बाहेरच्यांना वाटतं, जुनं कापड एकावर एक टाकलं आणि दोरा मारला की झाली. शहरातल्या प्रदर्शनात ती भिंतीवर टांगतात, खाली ‘लोककला’ अशी चिठ्ठी लावतात. पांघरायची वस्तू भिंतीला घालणाऱ्यांना थंडी कशी ती ठाऊक नसते. असो. खाली चांगलं लांबरुंद लुगडं अंथरतात. चार कोपऱ्यांवर दगड. त्यावर फाटके तुकडे असे लावायचे की कुठे उंचवटा नको, कुठे खड्डा नको. वर पुन्हा चांगलं कापड. मग कडेकडेनं धावदोरा घालत, फिरत फिरत मधे यायचं. चार बाया चार बाजूंनी बसल्या तर शेवटी त्यांची डोकी एकमेकींना लागतात, आणि गावातल्या सगळ्या बातम्या तिथेच फुटतात. संघटनेची एकही बैठक मी इतकी मुद्देसूद झालेली पाहिली नाही.

आता मुद्द्यावर येतो. मुद्दा माझ्या चुकीचा आहे.

आमचा जिल्हा वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. धान कापणी उरकल्यावर वडशाला आमची तेंदूपत्ता मजुरांची परिषद ठरली. येणाऱ्या प्रत्येकाला पत्रकं ठेवायला एक पिशवी द्यायची, असं मीच सुचवलं. कापड कुठून आणणार? मी म्हटलं, गावागावांतून जुने कपडे मागू, मी शिवतो.

पिपरटोल्याच्या सभेत मी उभा राहिलो. हे गाव माझ्या मुक्कामाचं. पारबताबाईच्या पडवीत माझं बिऱ्हाड : एक ट्रंक, एक सतरंजी, पत्रकांचा गठ्ठा. धम्मदीक्षा घेतलेलं घर. नवरा दौलतभाऊ बांबू तोडणीला जायचा. त्या सभेच्या दोन वर्षं आधी तापानं गेला. वर बैलगाडीचं सांगितलं ते त्याचंच. मी त्याला पाहिलेलं नाही, मी गावात आलो तो नंतर. एकुलती मुलगी शशिकला लग्न होऊन सासरी. पारबताबाई एकटी राहायची, दुसऱ्याच्या शेतात जायची, आणि संघटनेच्या प्रत्येक सभेत सगळ्यात पुढे बसायची.

त्या सभेत मी एक वाक्य बोललो. रस्त्यात सायकलवर जुळवलेलं होतं, आणि मला त्याचा अभिमान होता : ‘मेलेल्या माणसाचे कपडे पेटीत ठेवून काय होणार? जिवंत माणसाच्या खांद्यावर जाऊ द्या!’

टाळ्या पडल्या. पारबताबाई उठली, घरी गेली, आणि वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीनं बांधलेलं पुडकं घेऊन आली. ‘घ्या भाऊ,’ एवढंच म्हणाली. मी पुडकं तिथेच सोडलं. निळ्या चौकड्यांचा शर्ट, जवळजवळ नवा. मी तो दोन्ही हातांनी उंच धरला. ‘पाहा! याला म्हणतात जाणीव!’

पुन्हा टाळ्या. पारबताबाई खाली पाहत होती. मला वाटलं, संकोचली.

आलेले सगळे कपडे मी गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, धुण्याचा सोडा टाकून उकळले. स्वच्छतेबद्दल मी पत्रक लिहिलेलं होतं, तेव्हा आचरणही हवंच. वाळवले, उसवले, बेतले. शर्टाच्या पाठीतून एक पिशवी निघाली. पुढच्या दोन भागांतून दुसरी; तिच्यावर शर्टाचा खिसा मी तसाच राहू दिला. तिसरी मांजरपाटाची होती, तिला एका बाहीचा खण केला आणि दुसरीचा पट्टा. परिषद जोरात झाली. पिशव्यांची वाहवा झाली. एका वनरक्षकाच्या बायकोनं नवऱ्याच्या चोरून माझ्याकडे पिशवी मागितली. मी दिली, आत ‘जंगल आमचं’ होतं.

जानेवारीत शशिकला बाळंतपणाला माहेरी आली. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. मी पडवीत पिशवी शिवत होतो, ती भिंतीला टेकून बसली होती. आई शेंगा तोडायला गेलेली.

‘भाऊ, तुमी माह्या बाबाचा शर्ट कुठी ठेवला?’

‘कोणता?’

‘चौकड्याचा. माह्या लग्नात घातला होता तो. मायच्या पेटीत नाई दिसून राह्यला. माय म्हणते, भाऊजवळ आहे.’

मी म्हटलं, ‘त्याच्या पिशव्या झाल्या.’

ती हसली. तिला वाटलं, मी गंमत करतो. मग माझं तोंड पाहून थांबली. ‘किती झाल्या?’

‘तीन.’

‘तीन!’ तिनं पोटावर हात ठेवला. ‘आमच्या इकडं लेकराची पहिली गोधडी आजा-आजीच्या कपड्याची रायते, भाऊ. खालून आजीचं लुगडं, वरून आज्याचं धोतर नाईतं शर्ट. नाव ठेवाच्या दिवशी लेकरू त्याच्यावर ठेवते. मायनं त्याच्यासाठीच ठेवला होता. धुतला बी नव्हता. मी म्हणो, वास येते, धून टाक. तं म्हणे, धुतल्यावर मंग त्याइचं काय रायन त्याच्यात?’

सुई बोटात गेली. शिवायला लागल्यापासून पहिल्यांदा.

‘तुमी धुतला काय?’ शशिकलानं विचारलं.

मी सोड्याबद्दल बोललो नाही. उलट चिडलो. आम्हा कार्यकर्त्यांची जात अशीच. चूक कळली की आवाज चढतो. ‘मग दिला कशाला? सांगायचं होतं की नाही म्हणून!’

शशिकला शांतपणे म्हणाली, ‘तुमी मांगतला ना.’



दुसऱ्या दिवशी सायकल काढली. पारबताबाईला सांगितलं, संघटनेचं काम आहे. कोणाला कोणती पिशवी दिली हे मला माझ्या भाषणांपेक्षा चांगलं आठवतं. शौक असलेल्या माणसाचं असंच असतं. पाठीची पिशवी वडशाला होती, माणिकभाऊंकडे. हे नाटक कंपनीत पेटी वाजवतात. थंडीत आमच्याकडे गावोगाव नाटकं होतात आणि सगळ्या मंडळींचा मुक्काम वडशाला असतो. परिषदेत गाण्यांना पेटी यांचीच होती.

माणिकभाऊ तालमीत होते. सोड्याचं सोडून मी सगळं सांगितलं. त्यांनी काही न विचारता पिशवी बाकावर उपडी केली. पावडरचा डबा, कुंकवाची बाटली, सुटलेली खोटी मिशी, तंबाखू.

‘म्हणजे तो माणूस दोन महिने माह्या खांद्यावर बसून नाटकं पाहून राह्यला होता म्हणा ना,’ ते म्हणाले. ‘नाटकाचा शौक होता काय त्याले?’

‘मला माहीत नाही,’ मी म्हटलं. ‘मी त्यांना पाहिलेलं नाही.’

‘इच्यारून ठेवा. आणि माहं सामान मी काय आता डोक्यावर नेऊ?’ मी माझ्या खांद्यावरची पिशवी रिकामी करून दिली. त्यांनी आत डोकावून वाचलं आणि पेटीवाल्याला म्हणून शोभेल अशा खर्जात म्हणाले, ‘मिळालीच पाहिजे!’

शर्टाच्या पाठीवर कुंकवाचा एक लांब ओघळ होता. तो आजही आहे.

दुसरी चिमूरला, एका निवृत्त गुरुजींकडे. बेचाळीसला हे मिसरूड फुटायच्या वयात तुरुंगात गेले होते. आमच्या पोरकट घोषणांना परिषदेत व्याकरण शिकवत होते. पिशवी त्यांच्या खुर्चीच्या पाठीला टांगलेली, खिशात चष्मा. मी मागितली तर ताडकन म्हणाले, ‘नाई देत. परिषदेची आठवण आहे माझी.’

मी सांगितलं. या वेळी सोड्याचंही सांगितलं. गुरुजींनी पिशवीच्या खिशातून चष्मा काढून हातात घेतला.

‘आम्हीही घेतलं रे लोकांकडून,’ ते म्हणाले. ‘पितळेची भांडी, धान, दागिने बी. चळवळीचं नाव घेतलं की बाया काही ठेवत नव्हत्या. सगळं बरोबरच होतं. पण घेतलेलं परत द्यायला निघालेला माणूस मी आज पाहून राह्यलो.’

‘मी परत द्यायला नाही निघालो,’ मी म्हटलं. ‘चूक झाली ती निस्तरायला निघालो.’

‘तेच तं,’ ते म्हणाले, आणि दाढीचं पातं आणून शिवण स्वतः उसवू लागले. माझा टाका इतका घट्ट होता की अर्धा तास लागला. ‘शिवतोस बरा. पण उसवणाऱ्याचा विचार नाई करत,’ एवढा शेरा मारून त्यांनी तुकडे माझ्या हातात ठेवले. चष्मा सदऱ्याच्या खिशात टाकला. तो लगेच खाली पडला. खिसा फाटका होता. मी तो बसल्याबसल्या शिवून दिला.

तिसरी माजरीला. सायकल वडशालाच ठेवली होती, वरोऱ्याला गाडी बदलून गेलो. माजरीत पिपरटोल्याचाच गोविंदा कोळसा खाणीत कामाला आहे. तो पाळीवर होता. बायको अंगणात होती. पिशवी मागितल्यावर तिनं पदर तोंडाला लावला.

‘पिशवी आहे भाऊ. डबा नेते त्याच्यात. पन पट्टा तुटला होता, तं म्या त्याचं दावं केलं बकरीले.’

बकरी खुंट्याशी उभी होती. गळ्यात निळ्या चौकड्या. दाव्याचं खालचं टोक तिच्या तोंडात होतं, आणि ती मला पाहत अतिशय सावकाश चावत होती. मी धावलो. अर्धी बाही हाती लागली.

‘खाऊन राह्यली व बाई!’ गोविंदाची बायको म्हणाली. ‘कापड खात नाई कधी. आजच काऊन खाल्लं?’

संध्याकाळी गोविंदा पाळीवरून आल्यावर पिशवीचा खण उसवून दुसरी बाही घेतली. परतीच्या गाडीत मी माफीचे मुद्दे काढले. पहिला, संघटनेची भूमिका चुकीच्या पद्धतीनं मांडली गेली. दुसरा, भावनांचा विचार झाला नाही. तिसरा, यापुढे काळजी घेतली जाईल. तीनही वाक्यांत ‘मी’ कुठेच नव्हता, हे मला वडसा येईपर्यंत कळलं नाही.

गावात पोचलो तर शशिकला बाळंत झालेली. मुलगी. नाव ठेवायला चार दिवस होते. लेकरू तिच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं, आणि पारबताबाई अंगणात तांदूळ पाखडत होती.

मी तिच्यासमोर बसलो आणि तुकडे मांडले. पाठ. पुढचे दोन भाग. एक अख्खी बाही. एक अर्धी.

तिनं सूप बाजूला ठेवलं. पाठीचा तुकडा उचलून नाकाशी नेला. मी जमिनीकडे पाहू लागलो.

‘पावडर,’ ती म्हणाली. दुसरा उचलला. ‘हे काय आहे? शाळेवानी वास येते.’ मग बाही. ‘कोळसा.’ मग पुन्हा पाठ. यावेळी जास्त वेळ. ‘नाई,’ ती म्हणाली. ‘नाई राह्यला.’

मुद्दे विसरलो. ‘पारबताबाई, मी सोड्यात उकळला. मी चुकलो.’

तिनं अर्धी बाही हातात घेऊन उलटसुलट पाहिली. टोकाला दातांच्या खुणा होत्या. ‘आन हे?’

‘बकरीनं खाल्ली. गोविंदाच्या.’

‘बकरीनं?’

‘हो.’

आणि पारबताबाई हसली. आधी नाकातल्या नाकात, मग मोठ्यानं, मग डोळे पुसत. आतून शशिकला ओरडली, ‘माय, काय झालं वो?’

‘तुह्या बाबाची बाही बकरीनं खाल्ली!’ ती आत ओरडली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘आमच्या घरी बकरी होती तं हे आपल्या ताटातला भात चारे तिले. मी भांडो. म्हणो, तुमाले काय बकरीसंगं लगन कराचं होतं काय?’ पुन्हा हसली, आणि मग हसू एकाएकी संपलं. लेकरू रडायला लागलं तेव्हा उठली, आतून सुई आणि दोऱ्याची गुंडी आणली, माझ्यापुढे ठेवली.

‘ओवा,’ ती म्हणाली. ‘मले दिसत नाई.’

तीन दुपारी आम्ही शिवत होतो. शेजारच्या दोघी येऊन बसत. खाली पारबताबाईचं हिरवं लुगडं, मधे जुने तुकडे. वर काय कुठे लावायचं ते तिनं कोणाला सांगितलं नाही, स्वतःच लावलं. मधोमध पाठ. मी एका कडेनं टाके घालत मधे येऊ लागलो, तसा तिनं माझा दोरा बोटानं उचलून पाहिला आणि सर्रकन ओढून काढला.

‘इतकं काऊन ओढता, भाऊ? गोधडीत हवा राह्यली पाहिजे. हवाच गरम होते, कापड नाई होत. तुमी तं तिले मोर्च्याले न्याचं हाये असं शिवून राह्यले.’

बाया हसल्या. मी सैल टाका शिकलो. सोपा नसतो.

एकदा राहवलं नाही म्हणून मी विचारलं. हळूच, पण विचारलंच, कारण तो माझा स्वभाव आहे. ‘पारबताबाई, दीक्षेत आपण जुन्या रीती सोडल्या ना?’

तिनं दोरा दातानं तोडला. ‘देव-देव सोडले, भाऊ. माणसं नाई सोडले.’

मी ओवत राहिलो. कोणी संघटनेच्या कामातलं शिक्षण विचारलं तर मी पुस्तकांची नावं सांगतो. या तीन दुपारी सांगत नाही, कारण ऐकणारा ‘भावनिक’ म्हणतो. त्यानंतर मी सभेत कोणाकडे वस्तू मागितलेली नाही. श्रम मागतो, वेळ मागतो, निवेदनावर अंगठा मागतो. बाईनं आपणहून पुडकं आणलं तर आधी विचारतो, कोणाचं आहे. दोनदा पुडकी परत नेली गेली. पुढच्या परिषदांना त्यामुळे काही कमी पडलं नाही.

चौथ्या दिवशी गोधडी अंगणात झटकून अंथरली तेव्हा मला दिसलं. मधे पाठ, तिच्या दोन बाजूंना पुढचे भाग, खिसा जागच्या जागी, आणि दोन्हीकडे पसरलेल्या बाह्या. एक मनगटापर्यंत, एक कोपरापर्यंत.

घर बायांनी भरलं. त्रिशरण झालं. शशिकलानं लेकराला आत नेऊन पाजलं आणि बाहेर आणलं. इतक्या माणसांना पाहून लेकरू लालबुंद होऊन रडू लागलं. बाया एकदम बोलायला लागल्या. कोणी म्हणे गरम होऊन राह्यलं, कोणी म्हणे नजर, कोणी म्हणे गॅस. पारबताबाईनं कोणाचं ऐकलं नाही. तिनं नात हातात घेतली, गुडघे टेकले आणि तिला त्या पाठीवर, कुंकवाच्या ओघळाशेजारी ठेवलं. दोन्ही बाह्या उचलून तिच्यावर आणल्या.

लेकरानं दोन हुंदके दिले. जांभई दिली. गप्प झालं.

‘ओळखलं,’ पारबताबाई म्हणाली. ‘पाहा व, ओळखलं तिनं.’

बाया म्हणाल्या, ‘हाव वो बाई, ओळखलं.’

शर्टाला कसला वास उरला नव्हता, हे त्या अंगणात माझ्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. लेकराचं पोट नुकतंच भरलेलं होतं, आणि पोट भरलं की लेकरं झोपतात. हे सांगायला माझं तोंड उघडलंही होतं. पारबताबाईनं माझ्याकडे पाहिलं.

‘हाव,’ मी म्हटलं. ‘ओळखलं.’